एका वाक्याचे परीक्षण

परीक्षणासाठी या खेपेस आम्ही ग्रंथ घेतलेला नाही. एक वाक्य घेतले आहे. ते कोणा एका लेखकाचे नाही. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून ते वारसाहक्काने चालत आलेले आहे, आणि मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे आमचे वाचक ते सकाळच्या चहाबरोबर इतक्या वेळा वाचतात की, ते वाचले असे त्यांस वाटतही नाही. वाक्य असे : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.’ यापुढे मृतांचा आकडा येतो, त्यापुढे जखमींचा, आणि शेवटी वाहतूक किती तास खोळंबली होती तेही येते. एवढ्या वापरातल्या वाक्याकडे टीकाकारांनी ढुंकूनही पाहू नये, आणि दोनशे प्रती खपलेल्या काव्यसंग्रहावर मात्र पानेच्या पाने भरावीत, हे आमच्या व्यवसायास भूषणावह नव्हे.

वाक्याची घडण प्रथम पाहू. त्याचे दोन अवयव आहेत. पहिल्यात ‘ब्रेक’ हा कर्ता आणि ‘निकामी होणे’ ही अकर्मक क्रिया. म्हणजे फळ पिकावे किंवा पान गळावे त्याप्रमाणे ब्रेक आपला आपणच निकामी झाला. दुसऱ्यात कर्ता ‘ताबा’. तोही कोणी सोडला नाही, आपण होऊन सुटला. जिवंत माणूस सबंध वाक्यात एकच, आणि तोही षष्ठी विभक्तीत, सुटलेल्या ताब्याचा धनी म्हणून उभा. ब्रेकचे लायनर बदलण्याचे काम ज्याने पुढल्या महिन्यावर ढकलले तो मालक, ‘अजून दोन खेपा निघतील’ असा निर्वाळा देणारा मिस्त्री, गाडी पासिंगला आली असता तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून योग्यतेचा दाखला देणारा अधिकारी, आणि माल आजच पोहोचला पाहिजे असा फोनवरून धोशा लावणारा व्यापारी, यांपैकी एकालाही प्रथमेपासून सप्तमीपर्यंत कोठेच जागा मिळालेली नाही. प्रत्येक अपघातात ही मंडळी दोषी असतात असे आमचे म्हणणे नाही. पण वाक्यच असे बेतलेले आहे की, ती दोषी असली तरी तिला आत शिरावयास वाट नाही.

याहून मोठा दोष काळाचा आहे. ‘झाला’ या क्रियापदाने सारा प्रकार एका क्षणात कोंबला आहे. ब्रेक क्षणात क्वचितच बिघडतो. जड मालमोटारीचे ब्रेक हवेच्या दाबाने लागतात, आणि ही हवा टाकीत भरणारा पंप इंजिनाच्या जोरावर फिरतो. एखादी नळी झिरपत असेल तर दाब धरत नाही. लायनर झिजले असतील तर ब्रेक उशिरा लागतो. घाटाच्या लांब उतारावर तो सारखा दाबून धरला तर ड्रम तापतो आणि तापलेल्या ड्रमावर लायनरची पकड ढिली पडते. यांतील बहुतेक लक्षणे आधी चालकाच्या पायाला कळतात, मग कानाला, आणि सर्वांत शेवटी कागदाला. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीने उतारावर कित्येक गाड्यांना धडक दिली, तेव्हा प्रथम आमचे हे वाक्यच छापून आले. पुढे पोलिसांनी सांगितले की, इंधन वाचविण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. इंजिन बंद म्हणजे हवेचा पंप बंद. खेपेमागे डिझेलचा आकडा ठरवून देण्याची पद्धत या धंद्यात रूढ आहे. तिचा आणि इंजिन बंद करण्याच्या विद्येचा काही संबंध आहे की काय, हा प्रश्न वाक्याच्या कक्षेत येतच नाही.

वाचक म्हणतील, बातमी देणाराने रात्री दहा वाजता पाच ओळींत याहून अधिक काय लिहावे? ही तक्रार रास्त आहे, आणि वार्ताहरावर आमचा रोष नाही. आमचा रोष या गोष्टीवर आहे की, ‘ब्रेक बरोबर नाही’ हेच शब्द जर अपघाताच्या आदल्या दिवशी चालकाने उच्चारले असते, तर त्यांस आपण निराळे नाव दिले असते. त्या दिवशी ती सबब होती. आज तेच कारण झाले आहे. शब्द तेच, बोलणारा तोच, गाडीही तीच; मध्ये काही माणसे मेली एवढाच फरक. आमच्या भाषेत गाडी न्यावयास नाकारणाऱ्या चालकासाठी विशेषणांची वाण नाही : कामचुकार, आडमुठा, मुजोर, नाटकी. एखादा वैमानिक यंत्रात दोष दिसल्यावरून उड्डाण करीत नाही तेव्हा त्याच्यासाठी आपण ‘दक्ष’ हा शब्द ठेवलेला आहे, आणि खोळंबलेले उतारू कुरकुरत का होईना त्याचे आभार मानतात. मालमोटारीच्या चालकास हा शब्द लागू होत असल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

येथे एक आक्षेप आम्ही आमच्यावरच घेतो. हे वाक्य मालकाच्या सोयीचे आहे तसेच चालकाच्याही सोयीचे आहे. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यास ‘बेस्ट’ची, अंधेरीस जाणारी, ३३२ क्रमांकाची विजेवरील बस गर्दीत शिरली आणि नऊ माणसे प्राणांस मुकली. त्या रात्रीही ब्रेक निकामी झाल्याचेच प्रथम कानी आले. नंतर तपासणीत ब्रेक ठीक असल्याचे सांगण्यात आले, आणि चर्चा वळली ती त्या जातीची गाडी चालविण्याचे शिक्षण चालकास कितीसे मिळाले होते याकडे. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांस एवढेच दिसते की, ब्रेकच्या नावाखाली पुष्कळ गोष्टी झाकता येतात. ‘ही गाडी ठीक नाही’ या नकाराचा एक सख्खा भाऊ आहे : ‘ही गाडी मला अजून येत नाही.’ तो उच्चारण्यास तर पहिल्याहून अधिक धैर्य लागते. कारण तसे म्हणणाराच्या जागी बसण्यास, येत असो वा नसो, दहाजण दारात उभे असतात.

आता असा नकार मानाने दिला गेला, आणि कोणी त्यास आडमुठेपणा म्हटले नाही, असाही एक प्रसंग ‘बेस्ट’च्याच इतिहासात आहे. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी अंधेरीच्या आगरकर चौकात सीएनजीवर चालणाऱ्या एका बसने पेट घेतला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण महिन्याभराच्या आत त्या जातीच्या बसला आग लागण्याची ती तिसरी खेप होती. तेव्हा ‘बेस्ट’ने त्या ठेकेदाराच्या तशा ४०० बसगाड्या, दोषनिवारण होईपर्यंत, रस्त्यावरून काढून घेतल्या. उपनगरांतील हजारो उतारूंची दुसऱ्या दिवशी तारांबळ उडाली. तरी निर्णय योग्यच होता, आणि वृत्तपत्रांनीही त्यास खबरदारी हेच नाव दिले. आम्हांस त्यावेळी एक विचार सुचला तो असा की, पहिली बस पेटल्यानंतर आणि तिसरी पेटण्यापूर्वी एखाद्या सामान्य चालकाने आगारात येऊन ‘ही गाडी मी आज नेत नाही’ असे म्हटले असते, तर त्याच्या या खबरदारीस कोणते नाव मिळाले असते? संस्थेने नाकारले म्हणजे तो निर्णय होतो. माणसाने नाकारले म्हणजे ती शिस्तभंगाची बाब होते.

वृत्तपत्राची भाषा सोडून कायद्याच्या भाषेकडे गेले तर तेथील व्याकरण पुष्कळच बरे आहे, हे मान्य केले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम पाहा. ज्या दोषाची माहिती आहे, किंवा साधारण दक्षता घेतली असता जो कळून आला असता, असा दोष असलेले वाहन सार्वजनिक जागी जो चालवील, चालवावयास लावील किंवा चालवू देईल, तो या कलमाने दंडास पात्र आहे. तीन क्रियापदे! ‘चालविणे’ हे मुळातच ‘चालणे’चे प्रयोजक रूप, त्यावर ‘चालवावयास लावणे’ हे आणखी एक, आणि ‘चालवू देणे’ हे मौनातल्या संमतीसाठी. वृत्तपत्राच्या वाक्याने ज्यांना दाराबाहेर ठेवले ते मालक व मुकादम येथे सन्मानाने आत घेतले आहेत. दंडाची रक्कम तेवढी वाचकांनी फार मनावर घेऊ नये : २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती दीड हजार रुपये झाली आहे, त्या दोषामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. परंतु या कलमाने एक चमत्कारिक पेच उत्पन्न होतो. सदोष गाडी जाणूनबुजून चालविणे हा चालकाचा गुन्हा आहे. मग ती न चालविणे हा त्याचा हक्क असला पाहिजे, असे कोणीही शाळकरी पोर सांगेल. तो हक्क या कलमात लिहिलेला नाही.

तो शोधीत आम्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेपर्यंत गेलो. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा जुना कायदा तिच्या पोटात गेला. तिच्या १४ व्या कलमात आम्ही शोधीत होतो त्याच्या अगदी जवळची वस्तू सापडते. आपल्या जिवास गंभीर व तात्काळ धोका आहे अशी वाजवी भीती कामगारास वाटली, तर त्याने ती गोष्ट मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या नजरेस आणावी. मालकाची खात्री पटली तर त्याने तात्काळ उपाय करावा. न पटली तर प्रकरण निरीक्षकाकडे धाडावे, आणि त्याचा निर्णय अखेरचा समजावा. कलम सद्हेतूने लिहिले आहे यात शंका नाही. पण ‘नजरेस आणणे’ ही डोळ्यांची क्रिया झाली. आमचा प्रश्न पायाचा आहे. नजरेस आणल्यापासून निर्णय येईपर्यंत चालकाने तो पाय ॲक्सिलरेटरवर ठेवावयाचा की जमिनीवर? कारखान्यातले यंत्र एका जागी उभे असते, निरीक्षक येईपर्यंत त्याच्याजवळ थांबता येते. मालमोटार मुलुंडच्या नाक्यावर आहे, माल भिवंडीस जावयाचा आहे, आणि मागे भोंग्यांचा गजर चालला आहे. या मधल्या वेळेविषयी कलमात शब्द नाही.

या मधल्या वेळेसच शब्द देण्याचा यत्न अमेरिकेत १९८२ च्या एका कायद्याने झाला; आणि त्या शब्दावरून न्यायाधीशांत जो वाद माजला तो आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा आहे. वाहनाच्या धोकादायक स्थितीमुळे स्वतःस किंवा लोकांस गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती असताना जो चालक वाहन ‘ऑपरेट’ करण्यास नकार देईल, त्यास मालकाने कामावरून काढू नये, असे तो कायदा सांगतो. २००९ च्या जानेवारीत इलिनॉय राज्यात आल्फॉन्स मॅडिन नावाचा चालक रात्रीच्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत रस्त्याच्या कडेला अडकला. मागच्या जोडगाडीचे ब्रेक गोठून घट्ट बसले होते. पुढच्या केबिनीतली ऊब देणारी यंत्रणा बंद होती. कचेरीत फोन केला तर थांब म्हणून सांगण्यात आले. तो पेंगला, नातेवाइकाच्या फोनाने जागा झाला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि पायांस संवेदना नव्हती. वरिष्ठाने दोन मार्ग दिले : गोठलेल्या ब्रेकांसह जोडगाडी फरफटत ने, नाहीतर तेथेच बसून राहा. त्याने तिसरा काढला. जोडगाडी सोडून, केवळ पुढचे इंजिन घेऊन तो ऊब शोधावयास गेला, आणि दुरुस्तीवाला येताच परतही आला. त्यास कामावरून काढण्यात आले.

२०१६ साली अपील न्यायालयातील तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने कौल दिला. तिसरे, नील गॉर्सच, यांनी विरुद्ध मत लिहिले. त्यांचा युक्तिवाद शब्दकोशाचा होता : कायद्याने संरक्षण दिले आहे ते वाहन न चालविणाऱ्यास, या माणसाने तर चालविले. बहुमताचे म्हणणे असे की, ‘ऑपरेट’ म्हणजे चाके फिरविणे एवढेच नव्हे. गाडीवर हुकमत ठेवणे हाही त्याचा अर्थ होऊ शकतो, आणि सबंध जोडगाडी त्या स्थितीत हाकण्यास त्याने नकारच दिला होता. पुढल्या वर्षी गॉर्सच सर्वोच्च न्यायालयावर नेमले गेले. त्या वेळी कायदेमंडळातील चौकशीत या मतावरून त्यांस बरेच छेडण्यात आले. वर्गात आम्ही कित्येक वर्षे शब्दनिष्ठ आणि हेतुनिष्ठ अर्थनिर्णयाचा भेद कवितांच्या आधारे शिकवीत आलो. एका क्रियापदाच्या अर्थाला माणसाचे दोन पाय टांगलेले असू शकतात, हे आम्हांस या निवाड्याने शिकविले. आमच्या कायद्यात वाद घालण्यापुरते तरी ते क्रियापद असते, तर बरे झाले असते.

साहित्याने या बाबतीत कायद्याहून अधिक उजेड पाडला आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जॉर्ज आर्नो यांची स्फोटक द्रव्याने भरलेल्या मालमोटारींची कादंबरी आणि तीवरून क्लूझो यांनी १९५३ साली काढलेला फ्रेंच चित्रपट सर्वश्रुत आहे. श्वास रोखून पाहावा असा तो चित्रपट. पण त्यातील रस सगळा, ती गाडी नेण्यास जे तयार होतात त्यांच्या भयात आहे. तयार न होणाऱ्याची कथा होत नाही. नकार देणारा घरी जातो, गाडी उभी राहते, आणि काहीच घडत नाही. या ‘काहीच न घडण्या’चे नाट्य लेखकांना साधलेले नाही. इंग्लंडात १८७० च्या सुमारास गळकी, अतिभाराने वाकलेली जहाजे समुद्रात नेण्यास नाकारणारे खलाशी करारभंगाबद्दल तुरुंगात जात. त्यांची बाजू कोणा कवीने नव्हे, तर सॅम्युअल प्लिम्सॉल या पार्लमेंटच्या सभासदाने घेतली, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा आली. मुंबईच्या बंदरातील जहाजांवर आमच्या वाचकांनी ती पाहिली असेल. पाणी या रेषेच्या वर गेले की भार पुरे. खलाशाने तोंडाने द्यावयाचा नकार तेथे रंगाने लिहून ठेवलेला आहे, आणि रंगाला कोणी मुजोर म्हणत नाही.

आमच्या उपनगरांत नकार कोणापुढे द्यावयाचा हाच पहिला प्रश्न आहे. ‘बेस्ट’च्या भाडेतत्त्वावरील व्यवस्थेत गाडी ठेकेदाराची, तिची निगा ठेकेदाराची, चालकही ठेकेदाराचा, मार्ग, थांबे आणि तिकीट मात्र ‘बेस्ट’चे. गाडीच्या अंगावरील नाव पाहून उतारू ज्यास जाब विचारतो, त्याच्या हाताखाली चालक नसतो. आणि ज्याच्या हाताखाली असतो, त्यास उतारू ओळखत नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी घाटकोपर व मुलुंड आगारांतील अशा चालकांनी काम बंद केले आणि ते लोण थोड्याच दिवसांत इतर आगारांत पसरले. मागण्या मुख्यतः पगाराच्या व सुट्यांच्या होत्या. त्यांस सुरक्षिततेचा मुलामा देण्याचा अप्रामाणिकपणा आम्ही करणार नाही. पण सुटी न मिळालेला चालक हाही गाडीचा एक झिजलेला भागच असतो, आणि आठवडाभर चाललेल्या त्या वादात हा अर्थ कोणी काढल्याचे आम्हांस आठवत नाही. आम्ही स्वतः त्या दिवसांत रिक्षांच्या दरांविषयी बोलत होतो.

हे लिहीत असता एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. मुलुंडला डोंगराच्या अंगास आमची वसाहत आहे. दारापर्यंतचा रस्ता चांगलाच उतरता आहे. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो. एके सकाळी चालकाने तो वरच्या वळणावरच उभा केला, चाकाखाली दगड लावला आणि खाली उतरून आला. वयाने पन्नाशीचा, बोलणे साताऱ्याकडचे. म्हणाला, “साहेब, हवा धरत नाही. भरलेली गाडी उतारावर घेणार नाही.”

आमचे चिटणीस म्हणाले, “अरे, रोज येतोस ना तू? आजच काय झालं?”

“रोज येतो म्हणूनच सांगतो.”

बादल्या घेऊन उभ्या असलेल्या मंडळींत एकच कलकलाट झाला. कोणी म्हणाले, पैसे वाढवून हवे असतील. कोणी म्हणाले, याला दुसरीकडे जास्त भाव मिळाला असेल. एका बाईंनी शाळेची वेळ झाल्याचे बजावले. त्या घोळक्यात आम्हीही होतो, आणि आम्हीही काही मौन पाळले नाही. ‘सबब’ हा शब्द प्रथम कोणाच्या तोंडून निघाला ते आम्हांस चांगले ठाऊक आहे. चालकाने वाद घातला नाही. तो मालकाशी फोनवर दोन मिनिटे बोलला, किल्ली चिटणीसांच्या हातात ठेवली, आणि पायी स्टेशनाकडे निघून गेला.

दुपारी दुसरा चालक आला, वयाने पोरसवदा. टँकर तोच होता. तो हळूहळू उतारावरून खाली आला, फाटकाशी थांबला, पाणी सोडण्यात आले. काही झाले नाही. आम्ही बादल्या भरल्या. सकाळच्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्या पोराला कोणी विचारले नाही, आम्हीही नाही.